चुलीपुढचा इतिहास : नांदेड-लातूर आणि इटली

दिल्लीच्या लाल किल्ल्यात डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारसा समितीचे अधिवेशन भरले होते. त्या अधिवेशनात दीपावलीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला आणि आपल्या देशात त्याचे योग्य ते स्वागतही झाले. त्याच अधिवेशनात इटलीच्या स्वयंपाकाला हाच मान मिळाला, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. आम्हांला ती विशेष मोलाची वाटते. कारण गौरव झाला तो एखाद्या राजवाड्यातील पक्वान्नाचा नव्हे, मोठ्या हॉटेलातील आचाऱ्याचाही नव्हे. घरातील रोजचे रांधणे, ते आजीकडून नातवंडांकडे जाणे आणि सर्वांनी एकत्र बसून जेवणे, या साध्या व्यवहारालाच वारसा म्हटले गेले.

हे वाचल्यावर मनात प्रश्न येतो की, नांदेड-लातूरच्या चुलीला इतिहास आहे की नाही? आपल्या भागाचा इतिहास म्हटला की सातवाहन-राष्ट्रकूटांपासून आरंभ करून निजामाच्या राजवटीपर्यंत यावे, १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन सांगावा आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपाशी थांबावे, अशी रीत पडून गेली आहे. या सर्व काळात माणसे रोज दोन वेळा काय खात होती, कोण रांधत होते, कोणाला पोटभर मिळत होते आणि कोणाला नाही, याची चौकशी सहसा होत नाही. ती इटलीच्या शेजारी ठेवून थोडक्यात करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इटलीचे नाव घेताच आज डोळ्यांपुढे भरलेले टेबल, ऑलिव्हचे तेल आणि टोमॅटोचा लालभडक रस येतो. परंतु हे चित्र बरेचसे अलीकडचे आहे. पेल्लेग्रीनो आर्तूसी यांनी १८९१ मध्ये फ्लॉरेन्स येथे स्वखर्चाने आपले प्रसिद्ध पाकपुस्तक छापले. त्यामुळे मध्यमवर्गीय घरांत एक सामाईक इटालियन स्वयंपाक रूढ होऊ लागला. त्याच काळात उत्तर इटलीतील शेतमजूर मात्र सकाळ-संध्याकाळ मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा खात होता. त्याला पोलेंता म्हणतात. मांस सणाला मिळे आणि पांढरी पोळी आजाऱ्याला. ज्याला आज जग इटलीची श्रीमंती म्हणते, त्यातील पुष्कळसे गरिबीने शिकविलेले आहे.

ज्वारीचा मुलूख

गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीने आपल्याला ज्वारी दिली. ज्वारी मूळची आफ्रिकेची. पण हजारो वर्षे इथे राहून ती इथलीच झाली. पावसाळा संपल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी हे या भागाचे खरे धान्य. मालदांडीचे कणीस, पौषात शेतावर भाजलेला हुरडा आणि जनावरांसाठी कडबा, असे एकाच पिकातून घर, पाहुणा आणि गोठा या तिघांचे भागत असे. शेतात ज्वारीच्या जोडीला करडईच्या ओळी असत. कोवळ्या करडईची भाजी होई आणि पिकलेल्या दाण्याचे तेल. धान्य साठविण्यासाठी जमिनीत पेव असे, माळवदाच्या घरात बळद असे आणि घरच अगदी लहान असेल तर कणगी.

भाकरी करणे सोपे नाही. गव्हाच्या पिठासारखा चिकटपणा ज्वारीच्या पिठात नसतो. पीठ ताजे असावे लागते, नाही तर त्याची विरी जाते. ऊन पाण्याने ते काठवटीत चांगले मळावे लागते, तळहाताने थापीत थापीत गोल वाढवावे लागते आणि न मोडता तव्यावर टाकावे लागते. वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी निखाऱ्यापाशी उभी धरून फुगवायची. हे सारे कोणत्याही पुस्तकात वाचून येत नाही. आईच्या शेजारी बसून, हात पोळून घेऊनच ते येते.

या भाकरीबरोबर जे काही खायचे त्याला आपल्या खेड्यांत कोरड्यास म्हणतात. मग ते पिठले असो, येसराची आमटी असो, जवसाची किंवा कारळाची चटणी असो, नाही तर नुसता फोडलेला कांदा असो. इटालियन भाषेत याच अर्थाचा एक नेमका शब्द आहे: कोम्पानातिको. लॅटिन जाणणाऱ्यास त्यातील ‘सह’ आणि ‘भाकर’ हे दोन घटक लगेच दिसतात. भाकरीबरोबरचे ते कोम्पानातिको. जेवण म्हणजे भाकरी आणि बाकीचे सर्व तिच्या सोबतीला, ही समजूत दोन्ही देशांतील कष्टकऱ्यांची होती. प्रभूच्या प्रार्थनेचे मराठी करणाऱ्यांनीही रोजच्या अन्नासाठी ‘भाकर’ हाच शब्द निवडला. या मुलखात दुसरा शब्द शोभलाही नसता.

ज्वारीच्या या मुलखाचा मोठा दिवस म्हणजे वेळा अमावास्या. लातूर, धाराशिव आणि पलीकडे कर्नाटकातील बिदर या पट्ट्यात ती येळवस म्हणून ओळखली जाते. मार्गशीर्षातील या अमावास्येला घरेच्या घरे शेतावर जातात आणि शहरातील रस्ते ओस पडतात. कडब्याची कोप करून तिच्यात पांडवांच्या पाच दगडांची पूजा होते. मग पंगत बसते. ताक आणि ज्वारीचे पीठ यांची मडक्यातील अंबिल, निरनिराळ्या ओल्या शेंगांचे दाणे व पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी, उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर असा बेत असतो. वाटसरूलाही आग्रहाने बोलावून जेवू घालतात. भज्जीच्या पातेल्यात त्या महिन्यात शेतात जे जे आहे ते सर्व असते. ऋतू, शेत आणि स्वयंपाक यांची अशी सांगड क्वचितच पाहावयास मिळते.

शेवया आणि देवाचे धागे

शेवया पाश्चात्त्यांकडून आल्या असे मानणारे काही सुशिक्षित आम्हांला भेटले आहेत. खरे तर हाताने वळून वाळविलेल्या गव्हाच्या जिनसांची आपली परंपरा इटलीच्या तोडीची आहे. गव्हले धान्याच्या दाण्याएवढे. इटलीत याच आकाराला तांदळावरून रिसोनी म्हणतात. मालत्या, नखुल्या, बोटवे हे आपले आकार बोटांनी आणि नखांनी घडतात. इटलीच्या बारी शहरात बायका अंगठ्याने दाबून कानाच्या पाळीसारखे ओरेक्किएत्ते घडवितात. आपल्याकडे हे आकार रुखवतात मांडले जातात, कारण त्यांतून मुलीच्या हाताची पारख होत असे. वरणात कणकेचे तुकडे सोडून केलेली वरणफळे आणि इटलीतील कडधान्याच्या रश्शात शिजविलेला पास्ता यांतही फार अंतर नाही.

गहूही सोयरेच निघतात. आपला जुना बन्सी गहू हा इटलीत पास्त्यासाठी लागणाऱ्या कठीण गव्हाच्याच जातीचा. आपला खपली म्हणजे तिकडे तस्कनीच्या डोंगराळ भागात जपलेला फार्रो.

सार्डिनिया बेटावर नुओरो नावाचे गाव आहे. तेथे कणीक ओढीत ओढीत केसासारखे बारीक धागे करतात, ते एकावर एक आडवे-तिडवे पसरून उन्हात वाळवितात आणि लूला येथील संत फ्रान्सिसच्या यात्रेला रात्रभर चालत आलेल्या यात्रेकरूंना मेंढीच्या रश्शात शिजवून वाढतात. त्यांना सु फिलिंदेउ, म्हणजे देवाचे धागे म्हणतात. ही कला येणाऱ्या स्त्रिया आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत आणि त्याबद्दल साऱ्या जगात हळहळ व्यक्त होते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात अंगणात पाट तिरपा लावून, शेजारणींनी सावडीने एकमेकींकडे जाऊन शेवया ओढण्याची चाल होती. यंत्र आले आणि बहुतेक गावांत पाट माळ्यावर गेला. त्याची हळहळ मात्र कोणी लिहून ठेवली नाही.

सीमेवरचे ताट

परंपरेचे नाव घेताना आणखी एक गोष्ट विसरू नये. टोमॅटो आणि मका इटलीला अमेरिकेतून मिळाले, तेही सोळाव्या शतकात. आपली मिरची आणि भुईमूगही त्याच खंडातून समुद्रमार्गे आले. धर्माबादच्या बाजारात आज मिरचीचे ढीग दिसतात आणि शेंगदाण्याच्या चटणीशिवाय लातूरची न्याहारी होत नाही; परंतु चक्रधरस्वामींच्या काळातील माणसाला या दोन्ही वस्तू ठाऊक नव्हत्या. तो तिखटपणासाठी मिरीच वापरीत असणार. ज्याला आपण अस्सल म्हणतो, तेही कधीतरी पाहुणे म्हणून आलेले असते.

नांदेडच्या ताटात तर कितीतरी वाटा एकत्र येतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-देवणीकडे कन्नड, आणि मधोमध हैदराबादच्या राजवटीची उर्दू. तीच अंबाडी, तेलुगू घरात तिला गोंगूरा म्हणतात आणि कन्नड घरात पुंडी. भाषा बदलते, आंबटपणा तोच राहतो. मुसलमान घरांतली तहरी आता साऱ्या नांदेडची झाली आहे. गुरु गोविंदसिंहांनी १७०८ मध्ये याच नगरीत देह ठेवला. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात तेथे गुरुद्वारा बांधविला. त्याच्या लंगरात कोणीही, कोणत्याही जातीचा माणूस एकाच पंगतीत बसतो. आपल्या गावांत पंगत कशी बसत असे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

एकाच धान्यावर जगणे

घरगुती अन्नाचे गोडवे गाणाऱ्यांनी एका रोगाची माहिती अवश्य करून घ्यावी. मिलान येथील वैद्य फ्रान्चेस्को फ्रापोल्ली यांनी १७७१ मध्ये त्याला पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव दिले. हातापायांची व मानेची त्वचा काळवंडून सोलते, जुलाब लागतात आणि अखेरीस बुद्धीला भ्रम होतो. १८८० च्या सुमारास इटलीत या रोगाचे लाखाच्या वर रुग्ण होते आणि ते बहुतेक सर्व पोलेंतावर जगणारे शेतमजूर होते. मक्याच्या मूळ देशातील लोक तो चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत. युरोपने मका घेतला, पण ही रीत घेतली नाही. रोगाचे कारण नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता, हे कळावयास १९३७ साल उजाडावे लागले.

हाच रोग दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांत आढळत होता. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याकडे जगाचे लक्ष वेधले आणि ज्वारीतील ल्यूसीन या घटकाशी त्याचा संबंध जोडला. त्या उपपत्तीवर पुढे वाद झाले. परंतु दोष एकट्या ज्वारीचा नाही, ही गोष्ट स्पष्ट आहे. भाकरीबरोबर डाळ, दूध, भाजी, मांस ज्यांच्या ताटात होते, त्यांना हा रोग होत नव्हता. तो होत होता ज्यांच्या भाकरीला कोरड्यासच नव्हते त्यांना.

गावकुसाबाहेरची चूल

आता आम्ही या लेखाच्या सर्वांत अवघड भागाकडे येतो. मराठवाड्यातील आमच्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत. त्यांची चूल गावातील चुलीहून निराळी होती, कारण तिच्यात काय शिजावे हे गाव ठरवीत असे. बलुत्याच्या मोबदल्यात दारोदार मिळालेली शिळी भाकरी आणि ओढून नेलेल्या मृत जनावराचे मांस हा त्या व्यवस्थेने नेमून दिलेला वाटा होता. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृतमांस व उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. अन्न हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजाच्या या स्वयंपाकाची प्रथमच इतकी तपशीलवार नोंद केली. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आले. दूध-तूप यांना जिथे जवळजवळ स्थान नव्हते, तिथे मांसाचा कोणताही भाग वाया जाऊ न देता, ते वाळवून चान्या करून, रानातील पाला आणून बायकांनी घरे कशी जगविली, हे त्यात वाचावयास मिळते. पुस्तकाच्या नावातील ‘अपूर्ण’ हा शब्द आपल्या सुखी पंगतींना विचारलेला प्रश्न आहे.

याच्या शेजारी रोम शहराचे उदाहरण ठेवावे. तेथील तेस्ताच्चो भागात १९७५ पर्यंत मोठा कत्तलखाना होता. कामगारांना मजुरीचा काही भाग आतडी, शेपूट, काळीज अशा अवयवांच्या रूपाने मिळे. चांगले चार भाग इतरांकडे गेल्यावर उरलेला तो ‘पाचवा भाग’. कामगारांच्या घरांत त्याचे जे पदार्थ झाले, तेच आज रोमचे मानाचे पदार्थ आहेत आणि परदेशी पाहुणे ते मुद्दाम मागवून खातात. तेथेही गरिबी होती, अपमानही होता. परंतु गरिबी सरल्यावर त्या पदार्थाला लागलेला डाग पुसला गेला. आमच्याकडे तो पुसला गेला नाही, कारण आमचा डाग गरिबीचा नव्हता, जन्माचा होता. शहरात नोकरीला लागलेला तरुण आजीच्या हातची चव मित्रांना सांगू शकत नाही. घर भाड्याने घेताना काय शिजवता असे त्याला आजही विचारतात. अशा स्थितीत ‘पारंपरिक घरगुती जेवण’ या शब्दांत कोणाची परंपरा आणि कोणाचे घर येते, हे पाहिले पाहिजे.

रांधा, वाढा, उष्टी काढा

दुसरी दुखरी बाजू स्त्रियांची. तस्कनीच्या खंडकरी कुटुंबांत मस्साया नावाची घरधनीण असे. वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक, कोंबड्या, अंडी हे तिचे राज्य. पण पुरुषांना वाढून झाल्यावर बायका बहुधा चुलीपाशीच कसेबसे खाऊन घेत. १९६४ च्या कायद्याने नवे खंडकरार बंद झाले, माणसे शहरांत गेली आणि ती घरे रिकामी पडली. आपल्याकडील ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ ही म्हण तिकडच्या बाईलाही समजली असती.

आपली बाई पहाटे चारला जात्यावर बसे. त्या जात्यानेच तिला बोलण्याची एकमेव जागा दिली. फ्रान्सहून आलेले गी प्वातव्हाँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात आज लाखाच्या वर ओव्या आहेत. माहेर, सासुरवास, विठ्ठल, आणि मराठवाड्यातील कित्येक वस्त्यांत बाबासाहेब, असे सर्व त्यांत आहे. पिठाची गिरणी आली तेव्हा बाईचे खांदे सुटले. ओवीही सुटली. गिरणी नको होती असे म्हणण्याचा अधिकार जाते न ओढलेल्या आम्हां पुरुषांना नाही. ओव्या टिपून ठेवल्या गेल्या, एवढेच समाधान मानावे.

चूल विझविणारी वर्षे

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याच्या चुली विझविल्या. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळाली, कामावर सुकडी वाटली गेली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत बायकांची संख्या फार मोठी होती. दिवसभर खडी फोडून रात्री त्याच हातांनी मिलोची न फुगणारी भाकरी थापायची. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आला, पुढे साऱ्या देशाने तो विचार उचलला. ज्या वृद्धा आज ताटात अन्नाचा कण टाकू देत नाहीत, त्यांच्या वागण्यामागे ते साल आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असता, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदे यांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यांच्याबरोबर बळदे, जाती आणि चुलीही गेल्या. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. नव्या घरांच्या भिंती अधिक सुरक्षित होत्या, रस्ते रुंद होते. पण जुन्या वाड्यात सासू, सून, जाऊ आणि शेजारीण यांना एकत्र बसविणारी जागा होती. सरळ रेषेत आखलेल्या नव्या गावठाणांत ती पुन्हा जुळावयास फार काळ लागला.

तिसरा बदल आवाज न करता आला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत लातूर आणि नांदेडच्या शिवारांत सोयाबीन पसरले. ते रोख पैसा देते. मुलांच्या शिकवणीची फी त्यातून भरली जाते. त्याला दोष कसा द्यावा? पण सोयाबीन घरी शिजत नाही. ज्वारी कमी झाली, करडई जवळजवळ गेली, कडबा नाही म्हणून दावणीची जनावरे घटली आणि त्यांच्याबरोबर ताकही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरिबाला गहू-तांदूळ मिळाला, २०२३ पासून तो मोफत झाला. भूक टळली, ही मोठी गोष्ट आहे. त्याच २०२३ ला संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष साजरे केले आणि शहरातील हॉटेलांत भाकरी आरोग्यदायी म्हणून चढ्या भावाने वाढली जाऊ लागली. जिने ती दोन-तीन हजार पिढ्यांच्या नव्हे, पण शेकडो पिढ्यांच्या हातांनी टिकविली, त्या बाईच्या ताटात आता रेशनचा भात आहे.

पुढे काय

इटलीला मान मिळाला तो तिने आपली चूल लिहून ठेवली म्हणून. खेड्याखेड्यांतील स्त्रियांना विचारून, पदार्थाचे नाव, ऋतू, भांडे, हात सारे नोंदले गेले. आपल्या धर्मग्रामांतही हे काम होऊ शकेल. प्रत्येक वस्तीत सत्तरी ओलांडलेल्या आज्या आहेत. महिला मंडळाने किंवा युवकांनी एक वही करावी. तिच्यात वेळा अमावास्येची भज्जी यावी, नाताळची करंजी यावी, आणि ज्या पदार्थांचे नाव घेताना आवाज खाली येतो तेही यावेत. दुष्काळात काय खाल्ले, कोणता पाला उकडला, कोणत्या दिवशी काहीच नव्हते, हेही यावे. नुसत्या पाककृती लिहिल्या तर ती सजावट होईल. त्यांच्यामागची टंचाई आणि अपमान लिहिला तरच तो इतिहास होईल.

लॅटिनमधील ज्या शब्दांतून कोम्पानातिको आला, त्यांतूनच आणखी एक शब्द आला आहे. ज्याच्याबरोबर आपण भाकर मोडतो तो कोम्पान्यो, म्हणजे सोबती. आपल्याकडे रोटीव्यवहार हा शब्द मात्र शतकानुशतके माणसांना दूर ठेवण्यासाठी वापरला गेला. वहीत कोणाकोणाची भाकरी लिहून घ्यावयाची, हे ठरविताना या दोन शब्दांतील अंतर आपण ध्यानात ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.